स्वस्त चेनसॉ: थ्रॉटल सोडला तरी चेन फिरत राहते, दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

राम राम मंडळी. आमची यावल तालुक्यात केळी आहे. वळवाच्या वादळात बांधावरची बाभूळ, कडुनिंब आडवी होतात आणि ती हलवल्याशिवाय ट्रॅक्टर आत जात नाही. त्यासाठी ५८ सीसीची, २२ इंची बारची (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) पेट्रोल चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची मशीन, घेतली होती. कंपनी फारशी कुणाच्या ऐकण्यातली नाही. पहिला हंगाम सुरळीत गेला, मग वाळलेल्या बाभळीवर दुखणी सुरू झाली.

आधी चेनला तेल यायचं बंद झालं. टाकी भरलेली, पण बारच्या टोकासमोर पुठ्ठा धरून रेस केली तर त्यावर तेलाचा एक शिंतोडा नाही. क्लच उघडला तर ऑइल पंप फिरवणाऱ्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते पार गुळगुळीत. तो बदलला, तेल आलं.

आता खरी अडचण. इंजिन तापलं की रेस आपोआप चढते. थ्रॉटल पूर्ण सोडलेला असतो तरी चेन थांबत नाही आणि मशीन आडवी धरली की आवाज आणखी चढतो. सायलेन्सर काढून टॉर्च मारला, तर पिस्टनला त्या बाजूने उभे ओरखडे दिसले. मिस्तरी म्हणतो पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल कमी पडलं, बोअर (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) आणि पिस्टन बदला. पण पुस्तिकेत २५:१ लिहिलंय, म्हणून लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल मापाने घालतो, आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं म्हणून मिश्रण साठवतही नाही.

मला वाटतं मशीन कुठून तरी हवा ओढतेय, कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरी बुटातून किंवा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, टोकांवरच्या ऑइल सीलमधून. हवा जास्त गेली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, आणि ऑइल त्याच पेट्रोलात असल्याने पिस्टन कोरडा पडतो. तसं असेल तर नवा पिस्टनही असाच जाईल. बूट की सील, हे प्रेशर गेज नसताना कसं ओळखायचं? तापलेल्या इंजिनवर स्प्रे मारून बघायचा उपाय सांगतात, पण आगीच्या भीतीने तो मला नको.

मशीन आमचा सालदार चालवतो. हात सोडल्यावरही फिरणारी चेन मी त्याच्या हातात देणार नाही, म्हणून सध्या ती बंदच आहे. दुकानदाराने तर बार, चेन, पिस्टन काहीच वॉरंटीत येत नाही म्हणून हात वर केले.

बूट, दोन्ही सील आणि बोअर किट एकदम बदलून कुणाची अशी मशीन पुढे टिकली आहे का? की स्टिल, हस्कवर्नासारखी कमी सीसीची पण चांगली घ्यावी? वर्षाला पाच-सहा मोठी झाडं, तीही बाभळीसारखी कठीण, एवढंच काम असतं. जळगाव किंवा भुसावळकडे सुटे भाग ठेवणारा आणि सील नीट बसवणारा मिस्तरी माहीत असेल तर तेही सांगा, वादळं सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यायचाय.