‘एकदा झाला की परत होत नाही’ आणि सी विंगच्या टाकीचं झाकण

मृणाल (सी-५०३), सकाळी ७:१२
गुड मॉर्निंगचे फोटो जरा थांबवा प्लीज. अथर्वचा रिपोर्ट काल रात्री आला. एनएस१ पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यूच. ह्याच मुलाला दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत झाला होता, सगळ्यांना आठवत असेल. सी विंगमधली ही महिन्यातली तिसरी केस. कमिटी आता तरी हलणार आहे का?

कांचनताई (ए-३०४)
अगं बाई! परत? पपईच्या पानांचा रस दे गं, दोन-दोन चमचे. जोगळेकरांच्या दारात झाड आहेच.

जोगळेकर (ए-१०१)
झाडाला हात लावण्याआधी विचारावे ही विनंती. गेल्या वर्षी सगळी पाने ओरबाडून नेली, बुंधा तेवढा ठेवला. दुसरे असे की मृणाल, रिपोर्ट दुसऱ्या लॅबमधून करून घे. डेंग्यू एकदा होऊन गेला की परत होत नाही. शरीर लक्षात ठेवते. आम्हाला लहानपणी गोवर आला, कांजिण्या आल्या. पुन्हा आल्या का?

पाटील (सी-७०१)
सी विंगच्या टाकीचं झाकण मे महिन्यापासून फुटलंय. फोटो टाकलेत.

शिंदे, सेक्रेटरी (बी-२०४)
आदरणीय सदस्य, चि. अथर्वला लवकर आराम पडो ही प्रार्थना. झाकणाचे कोटेशन आले आहे, पुढील मीटिंगमध्ये विषय घेऊ. तोपर्यंत ताडपत्री टाकलेली आहे.

पाटील
ताडपत्रीच्या झोळीत पाणी साचलंय. त्यात अळ्या वळवळतायत. काल व्हिडिओ टाकला होता, तो पण बघा.

रोहन (बी-६०१)
टाकीवर झाकण नाही म्हणून ताडपत्री. आता ताडपत्रीवर झाकण टाका 😂

मृणाल
रोहन, इथे पोरगं १०३ तापाने फणफणलंय.

रोहन
सॉरी ताई. गाडी खाली आहे, कधीही हाक मारा.

डॉ. शर्वरी (बी-४०२), ८:२०
मृणाल, आत्ताच लॅबमध्ये पोचले. तापाचा कितवा दिवस? औषध काय चालू आहे?

मृणाल
तिसरा. पॅरासिटामॉल चालू आहे. रात्री अंग फार दुखत होतं म्हणून आईंनी घरातलं जुनं सिरप दिलं. आत्ता बाटली बघितली, आयबुप्रोफेन आहे.

डॉ. शर्वरी
ते आता अजिबात नको. ॲस्पिरिन पण नाही. दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दिलंय हे तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेव. पाणी, सरबत, पेज, ओआरएस चालू ठेव, आणि लघवी किती वेळा होते त्याकडे लक्ष दे. आजच्या रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंग्यूचं आयजीजी-आयजीएम (अँटिबॉडींची टेस्ट) करून घे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आयजीजी जोरात दिसलं तर हा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू. पहिल्या वेळी आयजीजी इतक्या लवकर वर येत नाही.

जोगळेकर काका, गोवराबद्दल तुमचं अगदी खरं आहे. फॅरो बेटांवर १७८१ साली गोवर आला, मग पासष्ट वर्षं फिरकला नाही. १८४६ ला परत आला तेव्हा साधारण पावणेआठ हजार वस्तीतल्या सहा हजारांवर लोकांना झाला, पण १७८१ ची साथ भोगलेल्या म्हाताऱ्यांना नाही. पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरने हे तिथे जाऊन नोंदवून ठेवलंय. गोवराचा विषाणू आपल्या पेशींना दिसतो तो एकाच तोंडवळ्याचा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या एकापासून बहुतेक जन्मभर संरक्षण, बाकी तिघांपासून थोडे महिने. म्हणजे एका माणसाला डेंग्यू चारदाही होऊ शकतो.

जोगळेकर
चार प्रकार असतील. आठवण तर राहतेच ना? मग दुसरा सौम्यच यायला हवा. ही साधी तर्कबुद्धी आहे.

डॉ. शर्वरी
अडचण नेमकी त्या आठवणीचीच आहे काका. समजा, आपल्या वॉचमनने एकदा एका चोराला पकडलं. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ आला. चेहरा बराचसा तोच, म्हणून वॉचमनने दंड धरला, पण पकड सैल. आणि धरल्या धरल्या त्याला स्वतःच लिफ्टने कमिटीच्या ऑफिसात नेऊन बसवलं, जिथे सगळ्या किल्ल्या टांगलेल्या असतात. पहिल्या डेंग्यूच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला धरायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दुसऱ्या प्रकाराला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत. काही पांढऱ्या पेशींचं कामच असं, की अँटिबॉडी चिकटलेलं जे दिसेल ते गिळायचं. त्या गिळतात, विषाणू आयता आत जातो आणि तिथेच वाढतो. त्यात जुन्या स्मृतिपेशी सगळ्यात आधी जाग्या होतात आणि जुन्याच साच्याच्या अँटिबॉडी भराभर सोडतात. नव्या प्रकाराला नेमक्या बसणाऱ्या मागून येतात.

गावडे, खजिनदार (ए-४०२)
वॉचमनवरून आठवलं. काल दुपारी दोन वाजता गेटवर कोणीच नव्हतं. पगार मात्र वेळेवर.

रोहन
सर, आपला वॉचमन चोराला धरायला आधी जागा हवा 😂

शिंदे, सेक्रेटरी
वॉचमन जेवायला गेले होते. तेही माणूस आहेत. गावडे साहेब, ग्रुपवर असे बोलणे शोभत नाही.

पाटील
सी विंगच्या टाकीचं झाकण मे महिन्यापासून फुटलंय.

जोगळेकर
वॉचमनची गोष्ट मनोरंजक आहे. परंतु गोष्टीने सिद्ध काही होत नाही. आमच्या वेळी इतक्या टेस्ट नव्हत्या आणि इतके डेंग्यूही नव्हते. असो. आजकाल वयाला मान नाही.

डॉ. शर्वरी
मान आहे काका, म्हणूनच नीट उत्तर देतेय. क्युबात १९७७ साली टाइप १ ची मोठी साथ आली, बहुतेकांना साधा ताप. १९८१ ला टाइप २ आला आणि ३,४४,२०३ रुग्ण, १५८ मृत्यू. त्यापुढे तिथे डास इतके कमी केले की बरीच वर्षं डेंग्यू नव्हता. १९९७ ला सँतियागो दे क्युबा शहरात टाइप २ परत आला. गंभीर झाले ते जवळजवळ सगळे मोठे लोक, वीस वर्षांपूर्वी टाइप १ होऊन गेलेले. १९८१ नंतर जन्मलेली पोरं, ज्यांच्या शरीरात डेंग्यूची काही आठवणच नव्हती, ती निभावली. वीस वर्षांनीही रक्त विसरलं नव्हतं.

मृणाल
शर्वरी, हे वाचून माझे हातपाय गार पडलेत. म्हणजे अथर्वला…

डॉ. शर्वरी
नाही गं. दुसऱ्यांदाही बहुतेक मुलं साध्या तापावरच सुटतात. धोका वाढतो म्हणजे लक्ष जास्त ठेवायचं, एवढाच अर्थ घे. एकच गोष्ट भिंतीवर लिहून ठेव : ताप उतरला की निर्धास्त व्हायचं नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आणि त्यानंतरचे २४ ते ४८ तास खरे बघायचे असतात. त्या वेळात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं आणि बीपी पडतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार, पोरगं गळून गेलेलं किंवा उगाच चिडचिडं, यातलं एक जरी दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

कांचनताई
प्लेटलेट किती आहेत पण?

डॉ. शर्वरी
आज कळेल ताई. पण नुसत्या प्लेटलेटकडे बघू नका, हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघायचं असतं. ते चढतंय आणि प्लेटलेट झपाट्याने उतरतायत, म्हणजे रक्त घट्ट होतंय. रक्तस्राव नसेल तर पन्नास हजारापर्यंत उतरल्या तरी कोणी प्लेटलेट चढवत नाही.

कांचनताई
मागे आमच्या ह्यांच्या तेवीस हजार झाल्या होत्या. किवी खाऊन वाढल्या.

रोहन
किवीवाल्याचा बंगला झाला त्या वर्षी.

निखिल (सी-४०३, न्यू जर्सी), ९:३१
नमस्कार मंडळी, इथे रात्रीचे बारा वाजलेत, आत्ता सगळं वाचलं. अथर्वला गेट वेल सून. एक सुचवू का? आमच्याकडे इथे पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट असतं. सोसायटीने तसं करावं.

गावडे, खजिनदार
निखिलजी, अवश्य. आपला तीन तिमाहींचा मेंटेनन्स आला की लगेच करू 🙏

मृणाल
आणि निखिल, माझ्या बरोब्बर खाली तुमचा फ्लॅट. बाल्कनीत निळा ड्रम आहे, पावसाने काठोकाठ भरलाय. आमच्या खिडकीतून दिसतो. मलेरिया खात्याची माणसं दोनदा येऊन बंद दाराला नोटीस चिकटवून गेली.

निखिल
ओह. मला कोणी कळवलंच नाही. चावी मामांकडे आहे, पण ते नवरात्र झाल्यावर येतील.

पाटील
आणि टाकीचं झाकण?

कांचनताई
शर्वरी, एक विचारू? आमची छकुली सात महिन्यांची. तिला कधीच झालेला नाही. म्हणजे आठवणीचा प्रश्नच नाही, ती सेफ ना?

डॉ. शर्वरी
ताई, छकुलीच्या आईला, प्रणालीला, डेंग्यू होऊन गेलाय ना? लग्नाआधी, तुम्हीच सांगितलं होतंत.

कांचनताई
हो. दोनदा. का गं?

डॉ. शर्वरी
आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळाकडे येतात. पहिले काही महिने त्या बाळाला सांभाळतात. मग हळूहळू उतरतात, आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान अशा पातळीला येतात की विषाणू अडत नाही पण चिकटायला पुरतात. म्हणून या वयाच्या बाळांना पहिलाच डेंग्यूही कधी कधी जड जातो. हॅलस्टेड नावाच्या डॉक्टरांना १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये हेच दिसलं होतं. गंभीर आजारी होणारी मुलं दोन प्रकारची : दुसऱ्यांदा झालेली, आणि एक वर्षाच्या आतली. पुढे निकाराग्वात मुलांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वर्षानुवर्षं मोजल्या. अभ्यास २०१७ ला आला. भरपूर असलेली मुलं सुरक्षित, अजिबात नसलेल्यांना धोका कमी, मधल्या पातळीवाल्यांना सगळ्यात जास्त. प्रणालीला घाबरवू नका. फक्त छकुलीला दिवसाही मच्छरदाणीत झोपवायला सांगा. हा डास मुख्यतः दिवसा चावतो.

कांचनताई
लगेच फोन करते. देवा रे.

शिंदे, सेक्रेटरी
डॉक्टर, मग लसच का घेत नाहीत सगळे? सोसायटीत कॅम्प लावता येईल.

डॉ. शर्वरी
शिंदेकाका, लसही शरीराला आठवणच देते. फिलिपीन्समध्ये २०१६ ला शाळांतून आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस दिली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लसीनंतर तो झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो. लसच त्यांचा पहिला डेंग्यू ठरली होती. मोहीम थांबली, आणि लोकांचा गोवराच्या लसीवरचाही विश्वास उडाला, ते आणखी वाईट. आपल्याकडे आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली, १०,३३५ लोकांवर. चौघांविरुद्ध एकदम आठवण तयार व्हायला हवी, म्हणून वेळ लागतो. कॅम्प नंतर. आधी ताडपत्री उतरवा.

पाटील
थँक्यू डॉक्टर. मे महिन्यापासून हेच सांगतोय.

जोगळेकर
कोविडच्या वेळीही डॉक्टर रोज नवीन सांगत होते.

डॉ. शर्वरी
काका, तुमच्या कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आज रिकाम्या करा. नुसतं ओतून भागत नाही, घासायला लागतात. अंडी काठाला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहतात, पाणी आलं की फुटतात.

जोगळेकर
माझ्या ताटल्या स्वच्छ असतात. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन बघावे.

रोहन
शनिवारी सगळ्या सोसायटीने कोरडा दिवस पाळू या. फक्त भांड्यांचा हं, आमचा नाही 😅

मृणाल, संध्याकाळी ६:४०
आयजीजी पॉझिटिव्ह. प्लेटलेट १,१२,०००, हिमॅटोक्रिट ३८. डॉक्टर म्हणाले दुसऱ्यांदाच आहे, पण ॲडमिट नको. रोज सीबीसी. पेज प्यायला, आत्ता झोपलाय. सकाळी कोणाकोणाला तोडून बोलले असेन, मनावर घेऊ नका.

जोगळेकर
पपईची पाने हवी असल्यास बेल वाजवून मागावीत. पाच पुरे होतात.

डॉ. शर्वरी
काका, रसाने पोट बिघडून उलट्या झाल्या तर पंचाईत होईल. राहू दे सध्या.

जोगळेकर
मी पाने देऊ केली आहेत. द्यायचा की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे.

शिंदे, सेक्रेटरी
आदरणीय सदस्य, झाकण तातडीच्या खर्चातून आजच आणले आहे. प्लंबर सकाळी ९ वाजता येईल. सी विंगच्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

गावडे, खजिनदार
बिल जीएसटीचं घेतलं ना?

शिंदे, सेक्रेटरी
घेतले आहे. किल्ली?

रोहन
मंडपाच्या लाइटिंगला गावडे सरांनी नेली होती.

गावडे, खजिनदार
मी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी वॉचमनकडे दिली.

शिंदे, सेक्रेटरी
वॉचमन म्हणतात दिली नाही.

पाटील
मी रोज बाजूच्या शिडीने चढून फोटो काढतोय. प्लंबरला पण तिथूनच पाठवा.