मदत हवी आहे : गोळ्यांमुळे बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते, या समजुतीला काय उत्तर द्यावे?

नमस्कार. मी मेळघाटात धारणी तालुक्यात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. गरोदर बायांना चौथ्या महिन्यापासून 180 दिवस लोह व फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या घ्यायच्या असतात. परंतु गोळ्यांनी बाळ पोटात फार वाढते आणि मग सिझर करावे लागते, असे घरातील सासवा सांगतात आणि सुना गोळ्यांची पाकिटे तशीच ठेवून देतात. काही जणी शेवटच्या महिन्यांत जेवणही कमी करतात. मला खरी काळजी याचीच वाटते, कारण अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे आमच्याकडे अजूनही जन्माला येतात.

लोहाची गोळी मुख्यतः आईचा रक्तक्षय टाळते, बाळाला अवास्तव मोठे करत नाही; आणि कुपोषण जास्त असलेल्या भागांत गरोदर मातांना ऊर्जा व प्रथिनांचा संतुलित पूरक आहार द्यावा, म्हणजे खुरटलेली बाळे कमी जन्मतात, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हे कोरकू घरातील सासूबाईंना पटेल अशा रीतीने कसे मांडावे?

मळमळ होणाऱ्यांना मी लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, चहा व कॅल्शियमपासून दोन तासांचे अंतर ठेवून घ्यायला सांगते. याशिवाय आणखी काय करता येईल? तसेच सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरीला जाणाऱ्या बायांपर्यंत अमृत आहाराचे (आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळ मिळणाऱ्या सरकारी जेवणाचे) ताजे ताट कोणी पोहोचवत असल्यास ती व्यवस्था कृपया सविस्तर कळवावी.