पहिल्या रोड रेसमध्ये ग्रुप सुटला, नेमकं काय कमी पडतंय?

नवा_रायडर
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात सायकलची पहिली रोड रेस केली. भरपूर वळणं असलेलं छोटं सर्किट, त्याच्यावर लॅप्स. निम्मी रेस मेन ग्रुपमध्ये होतो, नंतर सुटलो आणि पुढची मागे पडलेल्या अजून दोघांबरोबर टर्न घेत घेत संपवली. आता मला कळत नाहीये ते असं की एकट्याने ट्रेनिंग करताना मी याच्यापेक्षा जास्त अ‍ॅव्हरेज पॉवर (पेडलवर लावलेला सरासरी जोर, वॅटमध्ये) याहून जास्त वेळ धरतो. रेसमध्ये सरळ रस्त्यावर तर इतकं सोपं जात होतं की मधेमधे पेडल मारणं थांबवावं लागत होतं, आणि लगेच पुढच्या वळणातून बाहेर पडताना उभं राहून जीव खाऊन स्प्रिंट मारायचा नाहीतर पुढच्या रायडरचं चाक सुटलंच, हे प्रत्येक लॅपला. शेवटी एका वळणानंतर दोन सायकली मावतील एवढी गॅप पडली ती काही केल्या भरेना. मी बहुतेक वेळ ग्रुपच्या शेवटी होतो कारण तिथे वारा कमी लागतो असं वाचलेलं. मजा प्रचंड आली हे आधीच सांगतो, एवढी माणसं हाताच्या अंतरावर एका वेगात पळतायत हे एकट्याच्या राईडमध्ये कधी मिळणारच नाही. पुढच्या वेळी ग्रुपमध्येच संपवायचीये. फिटनेस वाढवू का अजून काही?

चढप्रेमी
अभिनंदन, पहिल्याच रेसला निम्मी रेस ग्रुपमध्ये म्हणजे चांगलंच आहे.

तुम्ही वळणांचं जे लिहिलंय ना, उत्तर तिथेच आहे. सगळ्यात पुढचा वळणाआधी जरासा ब्रेक लावतो, त्याच्या मागचा त्याहून थोडा जास्त, असं करत करत शेवटच्याला जवळपास थांबावं लागतं. आणि तुम्ही अजून वळणातच असता तेव्हा पुढचे सरळ रस्त्याला लागून वेगात निघालेले असतात. ग्रुप रबरासारखा ताणला जातो आणि तो ताण सगळा शेवटच्या माणसाच्या पायावर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्यासाठी लागणारी पॉवर घनाने, त्यामुळे गॅप भरायला ग्रुपपेक्षा थोडंसंच जास्त पळायचं म्हटलं तरी फार महाग पडतं, त्यात गॅपमध्ये आडोसाही नसतो.

अ‍ॅव्हरेज पॉवर इथे फसवते. पेडल थांबवलं तेव्हाचे शून्य वॅट त्यात धरले जातात. नॉर्मलाइज्ड पॉवर बघा, ती ३० सेकंदांच्या सरासरीचा चौथा घात घेऊन काढतात म्हणून असे झटके तिच्यात बऱ्यापैकी दिसतात. ट्रेनिंगमध्ये एकसारखं तासभर चालवण्याबरोबर आठवड्यातून एकदा १५ सेकंद फुल, ३० सेकंद हलकं असं करा, तेही कमी वेगातून उचलत.

मधलं_चाक
वरचं बरोबर आहे पण "मागे वारा कमी" हे वाचलेलं पण खोटं नाही हां. २०१८ मध्ये एरोडायनामिक्सचे संशोधक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या टीमने १२१ रायडर्सच्या पेलोटॉनवर (रेसमधल्या मेन ग्रुपवर) अभ्यास केला होता, त्यात आतल्या आणि मागच्या रायडर्सना एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के हवेचा विरोध आला. पण तो एकसंध, घट्ट, सरळ जाणारा ग्रुप. वळणांचं सर्किट आलं की ते गणित मोडतं, आणि वारा बाजूने असेल तर अजूनच, कारण तेव्हा आडोसा मागे नसतो, तिरका बाजूला असतो. रस्त्याची रुंदी संपली की उरलेले सगळे कडेला एका ओळीत वारा खात बसतात.

म्हणून पुढच्या एक तृतीयांशात राहा, पण एकदम पहिले नको. आणि तिथे नुसतं राहता येत नाही, आजूबाजूचे सतत पुढे सरकत असतात त्यामुळे तुम्ही काहीच केलं नाही तर आपोआप मागे जाता. ग्रुप मंदावला की आडोशाच्या बाजूने सरका, वळणाच्या तोंडावर नको. चढ पुढून सुरू करायचा आणि हळूहळू घसरत वर पोचेपर्यंत मध्यात यायचं, चढात कमजोर असाल तर हे फार कामाचं.

केडन्स९०
दादा, पुढे सरकायच्या नादात कुणाच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओव्हरलॅप करू नका. त्याने जरा लाइन बदलली की चाकं घासतात आणि पडतो तो जवळजवळ नेहमी मागचाच. मी अशी पडलेली माणसं पाहिलीयत, म्हणून कळकळीने सांगतेय. नजर पुढच्या रायडरच्या चाकावर खिळवायची नाही, दोन-तीन रायडर्सच्या खांद्यावरून पुढे बघायचं, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच कळतं. आणि गिअर वळणाच्या आधी हलका करा, बाहेर आल्यावर जड गिअर ढकलत बसलात तर तिथेच दोन मीटर जातात. रेस दीड तासाच्या वर असेल तर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, सरळ सोप्या भागात, भूक लागायची वाट न बघता.

नवा_रायडर
खूप धन्यवाद सगळ्यांना. रेसच्या रेकॉर्डिंगची फाइल उघडून बघितली, नॉर्मलाइज्ड पॉवर अ‍ॅव्हरेजच्या कितीतरी वर आहे आणि वळणानंतर प्रत्येक वेळी केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) एकदम खाली, म्हणजे गिअरचं अगदी लागू पडतंय. @मधलं_चाक, ग्रुप मंदावलाय हे वेळेत ओळखायचं कसं?

मधलं_चाक
रुंदीवरून. वेग कमी झाला की ग्रुप आडवा पसरतो, लोक पाणी प्यायला लागतात, बोलायला लागतात. ओळ लांब आणि बारीक झाली की समजा पुढे कुणीतरी जोर लावलाय, तेव्हा जागा सोडू नका. पसरला रे पसरला की चार-पाच जागा पुढे घ्या.