शब्दचर्चा : ‘अदूष्य’, ‘शील’, ‘हिशेब’ आणि पाळकाची जबाबदारी
(लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं गाव दिलं आहे.)

जालना :
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नवा पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, रुजू होताना त्यानं आणि मंडळीच्या पंचकमिटीनं सही करायचा एक करारनामा मराठीत करायचा आहे. इंग्रजी मसुद्यात दोनच शब्द अडतात, कॅरेक्टर आणि अकाउंटेबिलिटी. शब्दकोशानुसार ‘चारित्र्य’ आणि ‘उत्तरदायित्व’. वाक्य तयार झालं ते असं : ‘पाळक आपल्या चारित्र्याबाबत मंडळीप्रति उत्तरदायी राहील.’ व्याकरण बरोबर आहे, पण वाचल्यावर नेमकं कुणी काय करायचं ते कळत नाही. दुसरे शब्द सुचवा.

परभणी :
आधी ‘चारित्र्य’ बाजूला ठेवा. हा शब्द आता ‘चारित्र्याच्या संशयावरून’ एवढ्यापुरता उरला आहे, तोही बहुतेक बाईच्या बाबतीत. ‘पाळक चारित्र्यवान आहे’ म्हटलं की लोक समजतात, बाईच्या भानगडीत नाही. मग तिजोरी, जीभ आणि राग हे तिन्ही प्रकार मोकळे सुटतात. बायबलमधल्या 1 तीमथ्य 3 मधली मंडळीच्या पुढाऱ्याच्या गुणांची यादी पाहा. वैवाहिक निष्ठेचा मुद्दा एकच आहे. बाकी दारू, हाणामारी, भांडखोरपणा, पैशाचा लोभ, घर चालवण्याची रीत, शिकवण्याची हातोटी, आणि शेवटी बाहेरच्या लोकांची साक्ष. बाहेरच्यांची म्हणजे किराणा दुकानदाराची, घरमालकाची, शेजाऱ्याची. पाळकाची चौकशी करायला गेलेली कमिटी मंडळीतच चहा पिऊन परत येते, दुकानदाराला विचारतच नाही.

पर्याय म्हणून ‘शील’ घ्या. रोमकरांस पत्रात ‘संकटाने धीर, धीराने शील’ असं आहे. तिथं मूळ ग्रीक शब्द ‘दोकिमे’, म्हणजे पारखून खरं उतरलेलं. ज्याच्यापासून इंग्रजी ‘कॅरेक्टर’ आला तो ग्रीक शब्द मात्र ठशाचा, नाण्यावरच्या छापाचा. छाप खोट्या नाण्यावरही असतो. शील म्हणजे वाजवून घेतलेलं नाणं.

उदगीर :
‘शील’ला एक हरकत येईल. आपल्याकडं शील म्हटलं की पंचशील आठवतं.

परभणी :
येऊ द्या की. पंचशीलात चोरी, खोटं बोलणं, व्यभिचार, नशापाणी सगळं येतं. म्हणजे आपल्या भागातल्या माणसाच्या कानाला शील हा शब्द ‘चारित्र्य’पेक्षा रुंदच लागतो. करारनाम्याला तेच हवंय.

बीड :
तीमथ्याच्या पत्रातल्या त्या यादीतला पहिलाच शब्द घ्या ना, ‘अदूष्य’. लोक तो ‘अदृश्य’ वाचायलेत! ‘अध्यक्ष अदृश्य असावा’ असं व्यासपीठावरून वाचलं जातं अन् कुणी दचकत बी नाही. काही ठिकाणी तर हिशेबाच्या मीटिंगला तो खरंच अदृश्य असतो, म्हणून शंका येत नसावी.

परभणी :
दादा, हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा महत्त्वाचा आहे. अदूष्य म्हणजे ज्याला दूषण देता येत नाही असा. तीमथ्याच्या पत्रातला ग्रीक शब्द ‘अनेपिलेम्प्तॉस’, म्हणजे ज्याला पकडायला जागा नाही असा. आपल्या बोलीत याला तंतोतंत शब्दप्रयोग आहे : बोट ठेवायला जागा नाही. निर्दोष वेगळा, निष्पाप वेगळा. निष्पाप कुणीच नसतो, त्यामुळं ‘आम्ही पण माणसंच’ ही ढाल लगेच पुढं येते. अदूष्य ही व्यवहाराची कसोटी आहे. पावती दिली का, रजिस्टर लिहिलं का, एकट्या बाईला भेटताना दार उघडं ठेवलं का, एवढंच ती विचारते. यात माणुसकीच्या मर्यादेचा प्रश्न कुठं आला?

आणि ‘अध्यक्ष’ म्हणजे कमिटीचा चेअरमन नव्हे. ग्रीक ‘एपिस्कोपोस’, वरून नजर ठेवणारा. मराठी शब्दही तसाच, अधि अधिक अक्ष. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त प्रत्येक खात्याला अध्यक्ष होता, आणि त्याच भागात सरकारी पैसा खाण्याचे 40 प्रकारही मोजून दिलेत. नजर ठेवणाऱ्यावर नजर ठेवावी लागते, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

अंबड :
त्याच यादीतला ‘मारका’ शब्द मला फार नेमका वाटतो. मारका बैल आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. मारका म्हणजे रोज मारणारा नव्हे. कधी शिंग घालील याचा नेम नाही म्हणून ज्याच्या दावणीजवळून सगळे वळसा घालून जातात, तो. ग्रीक शब्द ‘प्लेक्टेस’, ठोसा मारणारा. असा पाळक हात उगारतोच असं नाही. कुणाचं नाव न घेता त्याला उद्देशून उपदेश करतो, जाब विचारणाऱ्याच्या पोराच्या लग्नाला तारीख देत नाही, बाप्तिस्मा लांबवतो, ‘शाप लागेल’ म्हणतो. हे करारनाम्यात ‘सौम्य वागेल’ असं लिहून भागत नाही. ‘लग्न, बाप्तिस्मा, दफन यांपैकी कोणताही विधी वैयक्तिक वादामुळे रोखणार नाही’ असं लिहा.

आणखी एक. मंडळीची शिस्त म्हणून प्रभुभोजनापासून (भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून) काही काळ दूर ठेवणं वेगळं आणि वाळीत टाकणं वेगळं. त्याच्याशी बोलू नका, त्याच्या घरी जाऊ नका, स्मशानभूमीत जागा देऊ नका हे वाळीत टाकणं झालं. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जालना :
शील आणि अदूष्य पटलं. ‘उत्तरदायित्व’चं काय करू? ‘जबाबदारी’ चालेल?

लातूर :
‘जबाबदारी’ मुळात अगदी बरोबर शब्द होता. जबाब म्हणजे उत्तर, जबाबदार म्हणजे उत्तर देणं ज्याच्याकडं लागतं तो. पण वापरून वापरून त्याचा अर्थ ‘ओझं’ झाला. ‘माझ्यावर फार जबाबदारी आहे’ असं म्हणणारा माणूस सहानुभूती मागत असतो, उत्तर देत नसतो. ‘उत्तरदायित्व’ तर भाषणात टाळ्या घेण्याच्या कामाचा शब्द. कुणाला, कशाचं, कधी हे त्यात दिसतच नाही.

आपला शब्द ‘हिशेब’. शास्त्रातही तोच आहे. लूक 16 मध्ये धनी कारभाऱ्याला ‘कारभाराचा हिशेब दे’ म्हणतो. इब्री 13:17 मध्ये पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय ते सगळ्यांना पाठ असतं, कारण ते ऐकवलं जातं. त्याच वचनाचा पुढचा भाग, आपल्याला हिशेब द्यायचा आहे हे समजून ते राखण करतात, हा मात्र उपदेशात गळतो.

हिशेबाला तीन गोष्टी लागतातच : घेणारा, वही आणि तारीख. सालगड्याचा हिशेब पाडव्याला होतो. उचल किती, खाडे किती, बाकी कुणाकडं निघते हे त्या दिवशी दोघांसमोर मांडलं जातं. त्या तारखेमुळंच वर्षभर दोघं सांभाळून राहतात. पाळकाच्या बाबतीत ‘देवाला हिशेब देईन’ एवढंच असेल तर घेणारा दिसत नाही, वही नाही, तारीख तर नाहीच.

बीड :
निजामाच्या काळातला ‘खिदमतमाश’ शब्द पण इथं बसतो. खिदमत म्हणजे सेवा, माश म्हणजे उपजीविका. इनाम होतं ते सेवेच्या बदल्यात. ‘सेवक’ म्हणवून घ्यायचं अन् माश तेवढी धरून ठेवायची, हे जमत नाही.

लातूर :
बरोबर. आता वही कशी ठेवायची ते लिहितो, कारण नुसत्या शब्दानं काही होत नाही.

अर्पण मोजताना दोन माणसं, एकमेकांच्या नात्यातली नसलेली, आणि पाळक त्यात नसावा. हे त्याच्यावरच्या संशयापोटी नव्हे, त्याच्याच बचावासाठी. 2 करिंथ 8 मध्ये पौलानं वर्गणीसोबत दुसरे भाऊ पाठवले ते याचसाठी, कुणी बोट दाखवू नये म्हणून. थैली वेदीवरून सरळ व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या बाजूच्या खोलीत, न्यायची. तिथंच मोजायची, घरी नेऊन नाही. नोटांची प्रतवारी लिहायची : 500 च्या किती, 100 च्या किती, नाणी किती. दोघांच्या सह्या, एक प्रत खजिनदाराला, एक वहीत चिकटवलेली. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. पूर्ण म्हणजे पूर्ण. नेमकं इथंच बिघडतं. रविवारी दुपारीच त्यातून माईकचं भाडं, पाहुण्या वक्त्याचा प्रवासखर्च, फुलांचे पैसे दिले जातात आणि उरलेले भरले जातात. मग स्लिप, वही आणि पासबुक या तिघांचा ताळा कधीच जमत नाही. चोरी न होताही पाळकावर आळ येतो. खर्च करायचाच असेल तर भरून मग व्हाउचरवर काढा.

दुसरी गळती क्यूआर कोडची. मंडळीच्या भिंतीवर चिकटवलेला कोड पाळकाच्या स्वतःच्या नंबरचा असतो, ‘सोय म्हणून’. वर्षअखेर घरचा किराणा आणि देवाचं अर्पण एकाच पासबुकात. कोड ट्रस्टच्या खात्याचा हवा, खात्यावर दोन सह्या हव्यात.

तिसरी हंगामाच्या सणाच्या लिलावाची. ज्वारीचं पोतं, कोंबडा, गूळ, नारळ पुढं येतं, उत्साहात बोली चढते, पोतं घरी जातं आणि पैसे ‘पुढच्या रविवारी’. बोलीची रक्कम आणि जमा रक्कम यांत दरवर्षी तफावत येते. लिलावाच्या वहीत पाच रकाने ठेवा : वस्तू, बोली, नाव, रोख, बाकी. बाकीचा रकाना नसेल तर ती तफावत पाळकाच्या नावानं चर्चेत येते.

उदगीर :
जमिनीचंही लिहा. खरी भांडणं तिथं असतात.

लातूर :
मिशन कंपाउंडची जमीन पाळकाची नसते आणि बहुतेक वेळा स्थानिक मंडळीच्या नावावरही नसते. ती एखाद्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चं कलम 36 पाहा. नोंदलेल्या ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकणं, अदलाबदल करणं किंवा बक्षीस देणं, शेतजमीन 10 वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत 3 वर्षांहून जास्त भाड्यानं देणं, याला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. ‘आगाऊ’ हा शब्द अधोरेखित करा. इसारपावती करून मग अर्ज हा उलटा क्रम झाला. आणि ‘पाळकानं सही केली’ हे वाक्यच गडबडीचं. त्याला सहीचा अधिकार कोणत्या ठरावानं दिला, हा पहिला प्रश्न.

विदेशी देणगी असेल तर विदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येते आणि प्रशासनावर 20 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेला पुढं वाटताही येत नाही. ‘त्या मंडळीला थोडी मदत केली’ असं सहज बोललं जातं, पण कायद्यानं ते चालत नाही.

अंबड :
आता ज्या शब्दामुळं हे सगळं अडतं तो शब्द, ‘अभिषिक्त’, म्हणजे देवानं तेल ओतून नेमलेला. हिशेब मागितला की ‘परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ हे स्तोत्र 105 मधलं वचन येतं. तिथला संदर्भ अब्राहाम, इसहाक, याकोब यांना परक्या राजांपासून वाचवण्याचा आहे. दावीद आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला अभिषिक्त म्हणाला, त्याला मारलं नाही, हे खरं. पण त्याच प्रसंगात गुहेबाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सगळ्या सैन्यादेखत त्यानं शौलाला जाब विचारला. हात लावला नाही, पण प्रश्न विचारलाच. आणि संदेष्टा नाथानानं तर अभिषिक्त दाविदालाच तोंडावर ‘तूच तो मनुष्य’ म्हटलं.

परभणी :
दुसरी बाजूही लिहा. वडिलावरचा (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा) आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून घ्यायचा नाही, असं 1 तीमथ्य 5:19 मध्ये आहे. निनावी चिठ्ठीवर पाळक घालवायचा नाही. पण लगेच पुढच्या ओळीत, पाप करत राहिला तर सर्वांदेखत दोष दाखवायचा. दोन्ही ओळी एकत्र वाचायच्या.

अंबड :
साक्षीदारांची ती अट मंडळीतल्या आरोपांसाठी. लहान मुलावरच्या अत्याचाराला ती लावायची नाही. तिथं ‘मिटवणे’ हा शब्दच करारनाम्यात येऊ देऊ नका. ‘प्रकरण मंडळीतच मिटवले’ हे वाक्य पॉक्सो कायद्यापुढं कबुलीजबाबासारखं आहे. 2012 च्या त्या कायद्याचं कलम 19 सांगतं की माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा. आधी बिशपांना विचारू, आधी प्रार्थना करू, असा क्रम तिथं नाही. प्रार्थना पोलिस ठाण्याच्या वाटेवरही करता येते.

उदगीर :
कॅथलिक मंडळीत यातल्या काही गोष्टी नियमातच आहेत. प्रत्येक पॅरिशला (स्थानिक चर्चला) अर्थसमिती हवीच, असं त्यांच्या चर्च-कायद्याचं कलम, कॅनन 537. आणि अत्याचार लपवल्याबद्दल बिशपांचीही चौकशी व्हावी, याची रीत पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये घालून दिली. त्यामुळं ‘फादर’ म्हणा की ‘पाळकसाहेब’, हिशेबाचा शब्द दोघांना सारखाच.

प्रॉटेस्टंट बाजूला अमेरिकी धर्मप्रचारक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सोबत्यांनी 1948 साली कॅलिफोर्नियात मोडेस्टो इथं चार गोष्टी ठरवल्या होत्या. पैसा, स्त्री-पुरुष संबंधातली सावधगिरी आणि स्थानिक मंडळ्यांवर टीका न करणं या तीन. चौथी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आकडे न फुगवणं. सभेला 300 आले तर 300 लिहा. आपल्याकडच्या अहवालांना ही चौथी अट सगळ्यात जड जाईल.

जालना :
सगळ्यांचं घेऊन वाक्य असं केलं, पाहा :
‘पाळकाचे शील नेमणुकीपूर्वी मंडळीतल्या व बाहेरच्या लोकांकडून पारखले जाईल. कामात बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून तो पैशाची मोजणी स्वतः करणार नाही व वैयक्तिक खात्यात अर्पण घेणार नाही. आपल्या कामाचा व खर्चाचा हिशेब तो दर तीन महिन्यांनी पंचकमिटीला आणि वर्षातून एकदा सर्व मंडळीला देईल.’

लातूर :
चांगलं झालंय. फक्त ‘देईल’ऐवजी ‘लेखी मांडील’ करा. ‘दिला होता की तोंडी’ ही पळवाट राहते. आणि ‘वर्षातून एकदा’ काढून तारीख घाला. 31 मार्चला वह्या बंद होतात. एप्रिलचा दुसरा रविवार धरा. पाडवा त्याच्या आगेमागेच असतो.

बीड :
अन् ‘अदूष्य’ घातलात कुठं, तर खाली अर्थ लिहा, ताई. नाहीतर परत अदृश्य वाचतील.