मुळशीतल्या उताराच्या साईटवरून गाळ खाली भातखाचरांत उतरतोय, मृगाआधी काय करता येईल?

साईट_इंजिनिअर
मुळशी तालुक्यात 5 एकरांची साईट आहे. उतार सरासरी 12 टक्के. वर मोकळा डोंगर, खालच्या हद्दीला ओढा आणि ओढ्यापलीकडे भातखाचरं. माती तांबडी, खाली मुरूम. पोकलेनने निम्मं कटिंग झालंय. खालच्या हद्दीला बांबू रोवून हिरवी शेडनेट लावली होती, ती वळवाच्या पहिल्याच सरीत आडवी झाली. खाचरांत गाळ गेला तर रोपं दबतील. मृगाला तीन आठवडे आहेत. सुरुवात कुठून करावी?

मृद_जल
वरून करा. सगळे जण खालच्या हद्दीला कुंपण घालतात आणि डोंगराचं पाणी खुशाल साईटमधून वाहू देतात. ते पाणी तुमच्या मातीला लागेपर्यंत स्वच्छ असतं. वरच्या हद्दीला 60 सेंटिमीटर खोल, तळाला 60 सेंटिमीटर रुंद चर काढा, ढाळ 1 टक्का. निघालेल्या मातीचा बांध खालच्या अंगाला घालून ठोकून घ्या. साईटच्या कडेने चर जिथे तीव्र उतारावर खाली वळतो, तिथे दगडाचे आडवे बांध हवेत. 60 सेंटिमीटर उंचीचा बांध आणि 5 टक्के उतार असेल तर अंतर 12 मीटर, म्हणजे खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येतो. मध्यभाग कडांपेक्षा 15 सेंटिमीटर खाली ठेवा. तसं केलं नाही तर पाणी बगलेने माती कापून जातं आणि बांध नुसता उभा राहतो. चर ओढ्याला मिळतो तिथे दगडी पिचिंग करा, म्हणजे दगड बसवून अस्तर.

आता शेडनेटबद्दल. तिची भोकं मिलिमीटरची, गाळाचा कण 0.02 मिलिमीटरचा. त्यासाठी जिओटेक्स्टाइलच लागतं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. पण कापडाहून खालची कड महत्त्वाची. पडलेली नेट उचलून पाहा, बुडाशी पाण्याने खरवडलेली पन्हाळ दिसेल. 15 बाय 15 सेंटिमीटरची चारी खणून कापड त्यात वळवायचं, माती भरून ठोकायची. खांब 2 मीटरच्या आत आणि कापडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाण्याचा दाब कापडाला खांबावर रेटतो. कुंपण समपातळीवर न्या, दोन्ही टोकं चढाकडे वळवा. गाळ उंचीच्या एक तृतीयांश झाला की काढा. आणि 30 मीटर कुंपणामागे 10 गुंठ्यांपेक्षा जास्त रान नको. तुमचं रान 200 गुंठे आहे, म्हणजे एकट्या कुंपणाच्या जिवावर हे भागणार नाही.

गाळकुंड
बरोबर. म्हणून खाली गाळ बसवायचं कुंड लागेलच. हिशेब मांडतो. 5 एकर म्हणजे 2 हेक्टर, तासाला 60 मिलिमीटरची सर, गुणांक (पावसाचा जितका हिस्सा वाहून जातो तो) 0.6 धरला तर 0.6 × 60 × 2 ÷ 360 = 0.2 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 200 लिटर. 0.02 मिलिमीटरचा कण सेकंदाला साधारण 0.36 मिलिमीटर बुडतो. 0.2 भागिले 0.00036 केलं की 555 चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग येतो. 36 बाय 17 मीटर घ्या, लांबी रुंदीच्या दुपटीहून थोडी जास्त होते. पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. साठवण एकरी 100 घनमीटर या अंदाजाने 500 घनमीटर हवी. बागेसाठी किंवा पार्किंगसाठी राखलेली खालची जागा यंदापुरती वापरा. बाहेर काढणाऱ्या उभ्या छिद्रांच्या पाइपाभोवती खडी, शिवाय मोठ्या पावसासाठी पिचिंग केलेला सांडवा. कुंड निम्मं भरलं की गाळ उपसा, आणि तो ओढ्याकाठी टाकू नका. कुंडाभोवती पक्कं कुंपण हवंच, गावातली पोरं तिकडे येतात.

तरी चिकणमाती अडत नाही. साईटची मूठभर माती बाटलीतल्या पाण्यात हलवून ठेवा. 20 सेंटिमीटर पाण्यात वाळू काही सेकंदांत तळाला, गाळाचा मोठा भाग दहा मिनिटांत. त्यानंतरही चहासारखं उरतं ती चिकणमाती, 0.002 मिलिमीटरचा कण तेवढं अंतर उतरायला 15 तास घेतो.

साईट_इंजिनिअर
त्या चहाला तुरटी चालेल का? आणि कुंड 2 आठवड्यांत होईल, पण कटिंग झालेला उतार तोवर उघडाच.

मृद_जल
उतार आधी झाका, कुंड त्यानंतर. माती जागची हललीच नाही तर कुंडावर भार कमी पडतो. भाताचा पेंढा गुंठ्याला 50 किलो पसरा, खाली ताग आणि गवताचं बी फेका. पेंढा वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्या ताणून खुंट्यांना बांधा. जिथे उतार 3 आडवे 1 उभे याहून तीव्र आहे, तिथे पेंढ्यावर काथ्याची जाळी. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे. खाली पोकळी राहिली की पाणी तिच्याखालून घळ पाडतं. आणि उरलेलं कटिंग पावसाळ्यानंतर करा. ठेकेदार कुरकुर करेल, पण उघडा उतार हाच खरा प्रश्न आहे.

गाळकुंड
तुरटी कुंडातल्या साचलेल्या पाण्यातच, ओढ्यात कधीच नाही. 1 टक्क्याचं द्रावण करा, 1 लिटर गढूळ पाण्याच्या चार बाटल्यांत 3, 5, 7, 10 मिलिलिटर टाका. ज्या कमीत कमी मात्रेला पुंजके नीट बसतात ती धरा. वरचं पाणी सोडण्याआधी पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, 6.5 ते 8.5 मध्ये आहे का पाहा. पाणी आम्लधर्मी झालं तर ॲल्युमिनियम विरघळलेलं राहतं आणि माशांना मारतं. पंपाचा सक्शन पाइप रिकाम्या ड्रमला बांधून तरंगता ठेवा, तळाला टेकला की गाळच उपसाल.

आरसीसी_मुळशी
एक राहिलं. ट्रान्झिट मिक्सरचं धुतलेलं पाणी या कुंडात येऊ देऊ नका, त्याचा पीएच 12 च्या आसपास असतो. ओढ्यापासून निदान 15 मीटर लांब, 3 बाय 3 बाय 1 मीटरचा वेगळा खड्डा काढा. आत एकसंध 500 मायक्रॉन प्लॅस्टिक अंथरा, पावसात वर ताडपत्री. खड्ड्यात सुकलेल्या काँक्रीटची कपची फोडून भरावात जाते. फाटकाशी 15 मीटर लांब, 15 सेंटिमीटर जाड 50 ते 75 मिलिमीटरची खडी टाका, खाली जिओटेक्स्टाइल. खडीच्या फटी मातीने भरल्या की डंपर चिखल थेट डांबरी रस्त्यावर नेतात, तेव्हा वरची खडी उचलून नवी टाका.