मदत हवी आहे: पासवर्ड चालतो, पण आत गेल्यावर पेन ड्राइव्हही उघडत नाही – डेबियन १२, एक्सएफसीई

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या संगणकावर डेबियन १२ लिनक्स आहे. डेस्कटॉप एक्सएफसीई, लॉगिनला लाइटडीएम. एक खातं माझं, एक बाबांचं. गेल्या आठवड्यापासून लॉगिन दोन्ही खात्यांत व्यवस्थित होतं, पण पेन ड्राइव्हवर क्लिक केलं की 'नॉट ऑथोराइज्ड टु परफॉर्म ऑपरेशन'. अॅडमिनचा पासवर्डसुद्धा विचारत नाही, सरळ नकार. लॉगआउटच्या चौकटीत शटडाउन आणि रीस्टार्टची बटणंही करडी पडली आहेत. बाबा जुन्या पोथीची पानं स्कॅन करून पेन ड्राइव्हवर घेतात. आता रोज संध्याकाळी त्यांना मला हाक मारावी लागते आणि मी टर्मिनलमधून माउंट करून देतो. त्यांचं काम अडतंय याचं मला फार वाईट वाटतं.

आधी संशय पोलकिटवर (कोणाला काय करू द्यायचं हे ठरवणारी सेवा) होता, त्याचे नियम वाचण्यात दोन रात्री गेल्या. मग चालू सेशन्स दाखवणारी लॉगिनसीटीएल कमांड चालवली, तर 'नो सेशन्स'! रन/युजरमध्ये माझ्या खात्याच्या क्रमांकाची, १००० नावाची डिरेक्टरीच नाही. म्हणजे लॉगिनची तपासणी करणाऱ्या पॅमने पासवर्ड तपासून आत सोडलं, पण कोण आत आहे याची नोंद ठेवणाऱ्या लॉगिनडीकडे सेशनची नोंद झालीच नाही. नोंद नाही, म्हणून पोलकिटच्या लेखी मी या संगणकासमोर बसलेलोच नाही.

कारण बहुधा माझंच आहे. दोघांच्या सामायिक फोल्डरसाठी उमास्क ००२ (नव्या फाइली गटातल्या दोघांनाही बदलता याव्यात अशी परवानगी) हवा होता, म्हणून ईटीसी/पॅम.डीमधल्या कॉमन-सेशन फाइलीत एका जुन्या लेखातला मजकूर जसाच्या तसा चिकटवला. त्यात पॅम_उमास्कची ओळ आहे, लॉगिनडीकडे सेशन नोंदवणाऱ्या पॅम_सिस्टमडीची नाही. लिबपॅम-सिस्टमडी पॅकेज जागेवर आहे. या फाइली आपोआप लिहिणारं पॅम-ऑथ-अपडेट म्हणतं, फाइलीत हाताने बदल झालेत, म्हणून ती तशीच ठेवतो.

आता त्याला फोर्सचा पर्याय देऊन फाइल नव्याने लिहायला लावू की गेलेली ओळ हाताने लिहू? पॅम बिघडलं तर दोघंही बाहेर राहू, ही धास्ती आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून वेगळा टर्मिनल पडदा उघडा, तिथे रूट म्हणून लॉगिन करा आणि सगळं जमेपर्यंत तिथून बाहेर पडू नका. पॅम.डीची अख्खी प्रत काढून ठेवा. मग फोर्स लावा. हाताने ओळ लिहिली तरी आज चालेल, पण पॅम-ऑथ-अपडेट पुढेही ती फाइल तशीच सोडून देईल आणि नव्या पॅकेजची ओळ त्यात येणार नाही. उमास्कची ओळ मात्र 'एंड ऑफ पॅम-ऑथ-अपडेट कॉन्फिग' या टिपणीच्या खाली लिहा. तिथलं ते पुसत नाही.

धागाकर्ता

तसंच केलं. एफ३ उघडं ठेवून लॉगआउट केलं, परत लॉगिन केलं. लॉगिनसीटीएलमध्ये सीट० (म्हणजे संगणकासमोरची जागा) आणि माझं नाव, रन/युजरमध्ये १००० हजर, बटणं काळी. बाबांच्या खात्यात १००१ आलं आणि पेन ड्राइव्ह त्यांनी स्वतः उघडला. मनापासून आभार.