विषय: यंदाचा गणपती, ढोल आणि एक शांत खोली

प्रेषक: एक सभासद

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीतून आम्ही २० मिनिटांत घरी परतलो. कारण कुणाला सांगितलं नव्हतं. यंदाची तयारी सुरू होण्याआधी सांगते.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. घरी गणपती असतात तेव्हा संध्याकाळच्या आरतीचा ताबा त्याच्याकडे असतो. टाळ त्याच्याच हातात. आरत्यांचा क्रम ठरलेला, एखादी गाळली की सगळ्यांना थांबवून मागे नेतो. म्हणजे त्याला गणपती नकोत असं अजिबात नाही. मंडळात जायचं म्हणून तो आठवडाभर दिवस मोजत होता.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि आतच ढोल सुरू झाले. तो दाराशी चपलांच्या ढिगात जाऊन बसला, दोन्ही कोपरांनी कान दाबून, तोंड कुणाच्या तरी बुटांत खुपसून. एका ताईंनी मायेने त्याला उचलायला हात पुढे केला, तो त्याने चावला. मी माफी मागितली, त्याला उचललं आणि निघाले. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर पुन्हा एकदा मनापासून क्षमा मागते. त्या क्षणी त्याला हात लावलेला चटका बसल्यासारखा वाटतो. रात्री ११ वाजता त्याने घरातल्या छोट्या मूर्तीपुढे सगळ्या आरत्या पहिल्यापासून म्हटल्या.

ढोल बंद करा असं माझं म्हणणं नाही. ते किती वाजता वाजणार ते आधी कळू दे, आणि तेवढा वेळ आम्हाला बसायला एखादी खोली मिळू दे. इथे इंग्लंडमध्ये आम्ही त्याला नाटकाच्या 'रिलॅक्स्ड' प्रयोगांना नेतो. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, मध्येच उठून बाहेर गेलं, पुन्हा आलं, मोठ्याने बोललं तरी कुणी वळून बघत नाही. काही दिवस आधी फोटोंची एक पुस्तिका घरी येते: हे दार, ही खुर्ची, इथे टाळ्या वाजतील. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली आणि लंडनमध्ये २०१३ साली 'द लायन किंग'चेही असे खास प्रयोग झाले. नाटक तेच होतं, गाणी तीच होती. माझा मुलगा असं अख्खं नाटक बसून बघतो. आपल्याच माणसांत मात्र त्याला २० मिनिटं काढता आली नाहीत, हे मला फार लागलं.

– एक आई

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

सौ. ताईंस सप्रेम नमस्कार,

पत्र वाचून वाईट वाटलं. मुलाला आशीर्वाद. तरीही मनातलं बोलतो. आम्ही १९७८ साली इथे आलो तेव्हा २० माणसांत, शेजारी तक्रार करतील या धाकाने, हळू आवाजात आरती म्हणायचो. आज मोकळेपणाने ढोल वाजतात, ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आता पुन्हा हळू व्हायचं का? उत्सव मिळमिळीत होऊ नये एवढीच इच्छा. राग नसावा.

– काका

---

प्रेषक: ढोल पथक

काका, ताई, नमस्कार.

मी कारखान्यात नोकरी करतो. इथल्या नियमाप्रमाणे आवाजाची दिवसभराची सरासरी ८५ डेसिबलवर गेली की कानाला संरक्षण लावावंच लागतं. शुक्रवारपर्यंत मी ते इमानेइतबारे लावतो आणि शनिवारी २४ ढोल, ६ ताशे घेऊन हॉलमध्ये शिरतो. गेल्या वर्षी गंमत म्हणून फोनवर आवाज मोजला होता, १०४ दिसला. तेव्हा मी तो आकडा अभिमानाने सगळ्यांना दाखवला होता.

खरं म्हणजे ढोल हे मोकळ्या जागेचं वाद्य आहे. टिपरू पडलं की आवाज रस्त्यावर पसरतो, पुढे निघून जातो. आपला हॉल म्हणजे बंदिस्त क्रीडागृह आहे, लाकडी जमीन आणि विटांच्या उघड्या भिंती. तिथे आवाज बाहेर जातच नाही, फिरून अंगावर येतो. आतल्या आत आम्हाला एकमेकांचे हातही नीट ऐकू येत नाहीत, लय चुकते. पथकातल्या मुलांशी बोललो. यंदा वादन बाहेर कार पार्कात, ठरलेल्या वेळी, १५ मिनिटं. काका, एकही ढोल कमी करणार नाही, उलट जास्त चांगला ऐकू येईल. सुरुवात एकट्या ताशाने करू आणि तो मिनिटभर वाजल्यावरच ढोल उचलू. ज्याला आत जायचं असेल त्याला तेवढा वेळ मिळेल.

– पथकप्रमुख

---

प्रेषक: एक सभासद

नमस्कार,

या लिस्टवर मी सहसा लिहीत नाही. माझं वय ३४ आहे आणि मी स्वमग्न आहे, हे मला ३१व्या वर्षी कळलं. या चर्चेत फक्त मुलं येत आहेत म्हणून लिहिते. ती मुलं मोठी होतात, आणि मोठी झाल्यावरही मंडळात यावंसं वाटतं.

मी सांगलीची. लहानपणी बाबांबरोबर खूप नाटकं पाहिली. गर्दीत मला श्वास घ्यायला जड जायचं, पण नाट्यगृहात कधीच नाही. याचं कारण मला फार उशिरा उमगलं: तीन घंटा. पहिली झाली की लोक चहा संपवतात, दुसरीला खुर्च्यांकडे वळतात, तिसरी झाली की अंधार होणार आणि पडदा उघडणार. पुढे काय होणार हे मला तीनदा सांगितलं जायचं. काका, मला उत्सव हळू नको आहे, फक्त त्याच्या आधीच्या घंटा ऐकू येऊ द्या. ताशाचं एक मिनिट वाचलं तेव्हा मला अगदी तेच वाटलं.

गेल्या दिवाळीत आपल्या एकांकिकेत अचानक गोळीबाराचा आवाज झाला आणि मी उरलेला प्रयोग स्वच्छतागृहात बसून काढला. पत्रकावर 'दुसऱ्या प्रवेशात बंदुकीचा आवाज' एवढी एक ओळ असती तर मी कानात बोळे घालून बसले असते.

आणि आग्रह. हे लिहिणं सगळ्यात अवघड आहे, कारण आग्रहामागे माया असते हे मला कळतं. हळदीकुंकवाला दहा जणी भोवती उभ्या राहून 'उखाणा घे, घे ना' म्हणतात तेव्हा माझी वाचा जाते. लाजणं वेगळं, हे तसं नसतं, शब्दच सापडत नाहीत. पंगतीत 'थोडं तरी घे' म्हणून वरणभातावर न विचारता भाजी पडते, तेव्हा ते ताट माझ्यासाठी संपलेलं असतं. एकदा विचारा. नाही म्हटलं तर ते नाहीच समजा.

आम्हा स्वमग्न मंडळींच्या संमेलनांत तीन रंगांचे बिल्ले असतात. हिरवा म्हणजे या, बोला. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोलावं. लाल म्हणजे आत्ता कुणीच नको. माझ्याकडे शंभरेक कोरे बिल्ले पडून आहेत, रंगवून आणते. ज्यांना हवे त्यांनी घ्यावेत, कारण सांगायची गरज नाही. मंडळात मी बहुधा पिवळाच लावेन, पण येईन.

– एक सभासद

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

घंटांची गोष्ट पटली. दाराशी उभं राहून वेळ सांगण्याचं काम मला द्या. घरात पितळी घंटा आहे, पण ती वाजवू की नुसतं हळू आवाजात सांगू, ते मुलीने ठरवावं.

– काका

---

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार,

समितीची बैठक काल झाली. या देशाच्या २०१०च्या समानता कायद्यात २५ किंवा जास्त सभासद असलेल्या, सभासदत्वाचे नियम ठरवलेल्या संघटनाही येतात, आणि अपंगत्व असलेल्या सभासदांसाठी वाजवी सोयी करणं हे त्यांचं कर्तव्य असतं. आपले सभासद २१२ आहेत. हे आम्हाला आधीच माहीत असायला हवं होतं. समितीच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतो.

जिन्याखालची बैठकीची खोली दिवसभर घेतली आहे. तिथली ट्यूबलाइट फडफडते, म्हणून ती बंद ठेवून घरून दोन दिवे आणू. खोलीत गाणी लावायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, आणि आत कोण का बसलंय हे कुणी विचारायचं नाही. घरचा डबा चालेल, हॉलवाल्यांशी बोललो आहे. दार, चपलांची जागा, मूर्ती, जेवणाची रांग आणि खोली यांचे फोटो गुरुवारपर्यंत लिस्टवर टाकतो. काका, घंटा नको असं सांगलीच्या ताईंनी कळवलं आहे, सांगितलेलं पुरेल.

शनिवारच्या वेळा: ४.३० दार उघडेल, ५.०० बाहेर ताशा आणि ढोल, ५.१५ वादन थांबेल, ५.४० आरती (माईक नाही, झांजा फक्त पुढच्या रांगेत), ५.५५ प्रसाद आणि जेवण.

– कार्यवाह

---

प्रेषक: एक सभासद

कार्यवाह दादा,

पत्रक छापून फ्रीजवर लावलं आहे. मुलाने ते सकाळपासून चार वेळा वाचलं आणि त्यात एक चूक काढली. सगळ्या आरत्यांना घरी २२ मिनिटं लागतात, तुम्ही १५ धरली आहेत. कुठल्या आरत्या गाळणार आहात, असं तो विचारतोय. त्याला काय सांगू?

– एक आई

---

प्रेषक: कार्यवाह

बरोबर आहे त्याचं. एकही गाळणार नाही. प्रसाद ६.०५ला. सुधारित पत्रक सोबत जोडलं आहे, फ्रीजवरचं बदलावं. त्याला यायचं असेल तर टाळ घेऊन पुढच्या रांगेत डावीकडची पहिली जागा त्याची, दाराच्या सर्वात जवळची.

– कार्यवाह